संस्थापकांची निळी किटली

१

आमच्या कॉलेजात चोरण्याजोगं काही उरलंच नव्हतं, त्यामुळे चोरी झाल्याचं कळलं तेव्हा पहिल्यांदा मला थोडा अभिमानच वाटला.

मार्चमधला शुक्रवार होता. दुपारचं कॉफीपान आटोपून सगळे पांगले होते. माझे हातमोजे बैठकीच्या खोलीत राहिले म्हणून मी परत गेलो, तर काचेच्या कपाटाचं दार सताड उघडं आणि आतल्या मखमलीवर नुसता एक गोल डाग. तिथे आमच्या संस्थापकांची किटली असायची. निळ्या एनॅमलची, चांगली घागरीएवढी, नॉर्वेहून त्यांच्याबरोबर जहाजातून आलेली. कपाटाला कुलूप होतं, पण ते शोभेचं. किल्ली कपाटावरच ठेवलेली असायची आणि हे अख्ख्या सॉरेल लेक गावाला ठाऊक होतं.

किटली गेली तर एवढं काय, असं कुणी म्हणेल. त्याला टोर्गरसन कॉलेज माहीत नाही. पाद्री टोर्गरसन यांनी कॉलेज काढलं तेव्हा घटनेतच लिहून ठेवलं, की ह्या किटलीतली कॉफी खोलीतल्या प्रत्येकाला मिळाल्याशिवाय विश्वस्तांनी कसलाही निर्णय घ्यायचा नाही. बिचाऱ्यांना आयुष्यात भांडखोर माणसं बरीच भेटली असावीत. तेव्हापासून दोन महायुद्धं झाली, मुलींना प्रवेश मिळाला, फुटबॉलचा संघ निघाला आणि बुडाला, आणि दर वेळी आधी कॉफी ओतली गेली.

उद्या सकाळी दहाला विश्वस्त जमणार होते ते कॉलेज बंद करायचं की नाही हे ठरवायला.

बंद का, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता, तरी आम्ही दोनदा तज्ज्ञ बोलावले होते. मुलं येत नव्हती. एकेकाळी वसतिगृहात एका खोलीत तिघं कोंबलेली असत. आता एकेका मुलाला एकेक मजला होता आणि त्यांना एकटं वाटायचं. मी मुळात तत्त्वज्ञानाचा मास्तर. पण जो प्राध्यापक सोडून जाई त्याचा विषय माझ्या गळ्यात पडे, असं करत करत माझ्याकडे समाजशास्त्र, संगीताचा इतिहास आणि शेवटी पोहणं आलं होतं. पोहायला मी काठावरून शिकवायचो.

मी समोरच्या खोलीतून सोल्वेग ब्रेकीला बोलावलं. सोल्वेग आमच्याकडे ग्रीक आणि लॅटिन शिकवते. तिचा अख्खा जन्म मेलेल्या भाषांमध्ये गेल्यामुळे जिवंत माणसांवर तिचा चटकन विश्वास बसत नाही. मागे ग्रंथालयातली गायब झालेली शिडी तिनेच शोधली होती, आणि ख्रिसमसच्या नाटकातलं बाळही. ती कपाटासमोर हाताची घडी घालून उभी राहिली आणि काही बोलणार, तेवढ्यात प्राचार्य किंकेड आत आले.

त्यांनी कपाट पाहिलं, आम्हाला पाहिलं, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "कुणी केलं ते मला माहीत आहे."

२

प्राचार्य किंकेड वाळवंटातल्या ॲरिझोनाचे. आमच्या मिनेसोटात येऊन त्यांना तीन हिवाळे झाले होते आणि तिन्ही त्यांनी वैयक्तिक अपमान म्हणून घेतले होते. त्यांनी नाव घेतलं ते हलिमो वार्सामेचं.

हलिमो दुसऱ्या वर्षाला होती. तिचे आईवडील सोमालियाचे, पण ती जन्मली इथेच, दोन तासांवरच्या विलमारला. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि ग्रीक ती निव्वळ मजा म्हणून शिकत होती. सोल्वेगच्या वर्गात ती एकटीच, त्यामुळे तिला कधी दांडी मारता आली नाही. घटनेतलं कॉफीचं कलम तिनेच शोधून काढलं होतं आणि मागच्या आठवड्यात पायऱ्यांवर उभं राहून, कॉलेज वाचवा म्हणून आलेल्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. किटली नाही तर कॉफी नाही, कॉफी नाही तर निर्णय नाही, असं ती म्हणाली होती. टाळ्याही पडल्या होत्या. मी स्वतः वाजवल्या होत्या.

"तिने जाहीर सांगितलं आणि करून दाखवलं," किंकेड म्हणाले. "उद्या दहापर्यंत किटली टेबलावर आली नाही, तर मी शेरीफकडे तिचं नाव देणार आणि बदलीच्या मुलांतून तिला वगळणार."

हा शेवटचा घाव खरा होता. शेजारच्या मोठ्या कॉलेजने कबूल केलं होतं की आमची सगळी मुलं आहेत त्या वर्षात ते सामावून घेतील, शिकलेलं वाया जाऊ देणार नाहीत. अटी दोनच होत्या. आमच्या विश्वस्तांनी उद्या दुपारच्या आत बंद करण्याचा ठराव करून कळवायचं, आणि प्रत्येक मुलाच्या चांगल्या वर्तनाची हमी प्राचार्यांनी द्यायची. म्हणजे किटली मिळाली नाही तर सगळी मुलं अधांतरी, आणि मागाहून काही जमलंच तरी हलिमोला दार बंद.

आम्ही हलिमोला ग्रंथालयात गाठलं. सोल्वेगने तिला सरळ विचारलं, तू घेतलीस का.

"प्रोफेसर, मी घेतली असती तर पायऱ्यांवर उभी राहून सांगून घेतली असती," ती म्हणाली. "लपवाछपवी मला जमत नाही. माझी आई म्हणते तोच माझा दोष आहे."

पण कॉफीपानातून ती लवकरच निघाली होती, पाठीवर दप्तर टाकून, आणि बाहेरचं जड दार तिच्यासाठी मी धरलं होतं हे मला आठवलं. दप्तर चांगलं फुगलेलं होतं हेही आठवलं. मी सोल्वेगकडे पाहिलं. तिच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने हलिमोला दप्तर उघडायला सांगितलं.

३

दप्तरात ग्रीकचा मोठा शब्दकोश, लोकरीची टोपी आणि घरून आलेल्या सांबुशांचा, म्हणजे सोमाली सामोशांचा, डबा निघाला. सांबुसे आम्ही तिघांनी खाल्ले. मग सोल्वेग म्हणाली की पुस्तकात काही सापडलं नाही की मूळ जागी परत जावं, आणि आम्ही पुन्हा बैठकीच्या खोलीत आलो.

कपाटाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ती थेट खाण्याच्या टेबलापाशी गेली. "वेन, मी निघाले तेव्हा इथे लिंबाच्या वड्यांचा एक ट्रे होता. त्यात एक वडी उरली होती."

"अर्धी," मी म्हणालो. अर्धी मी घेतली होती.

"तू अर्धी घेतलीस. मी उरलेल्यातली अर्धी घेतली. ग्रंथपालबाईंनी त्यातली अर्धी. म्हणजे आम्ही निघालो तेव्हा नखाएवढा तुकडा तरी होता. तो कुठे गेला?"

आता हे बाहेरच्याला वेडेपणाचं वाटेल, पण माझ्या अंगावर काटा आला. आमच्या भागात शेवटचा तुकडा कुणी खात नाही. पोटात आग पडली तरी नाही. अर्धा, मग त्याचा अर्धा असं करत करत शेवटी जो कण राहतो तो वाळून जातो, पण खात नाही. तो तुकडा नाहीसा झाला होता, म्हणजे चोर इथला नव्हता. आणि कॉलेजात बाहेरचा म्हणावा असा माणूस एकच होता.

आम्ही प्राचार्यांच्या दारावर टकटक केली. ते फ्लोरिडातल्या नव्या घराचे फोटो बघत होते, ते त्यांनी घाईने मिटवले. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात ह्या गृहस्थाने भरल्या खोलीत अख्खी शेवटची वडी उचलून तोंडात टाकली होती, आणि गावात अजून ते बोललं जातं. सोल्वेगने विचारलं की आज लिंबाची वडी कुणी संपवली याची त्यांना काही कल्पना आहे का.

"वडीत मैदा असतो, आणि मला गहू चालत नाही," ते वैतागून म्हणाले. "दोन वर्षं झाली. तुमच्या गावातलं मी काहीच खाऊ शकत नाही. आणि उद्याची सभा व्हावी म्हणून मी जिवाचं रान करतोय, मी कशाला किटली चोरेन?"

हे मात्र खरं होतं. सभा झाली की त्यांची सुटका होती.

मग राहिला ड्वेन ऑस्टबी. ड्वेन आमचा प्रवेश विभागाचा प्रमुख. मुलं आणणं हे त्याचं काम, आणि मुलं येत नव्हती, त्यामुळे सगळे त्याच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलायचे. कॉलेज बंद होऊ नये असं वाटण्यात त्याचा पहिला नंबर. दुपारी तो एक खोका छातीशी धरून बाहेर पडला होता, तेव्हाही दार मीच धरलं होतं. त्याच्या खोलीला आतून कडी होती. टकटक केल्यावर आत काहीतरी घाईने सरकवल्याचा आवाज आला, आणि चिनी मातीचं काहीतरी खळकन फुटलं.

दार उघडल्यावर दिसलं ते असं, की टेबलाखाली, कपाटात, खिडकीत, जिकडेतिकडे कॉफीचे मग. 'नवीन विद्यार्थ्यांचं स्वागत' असं लिहिलेले. ड्वेनने दर वर्षी शेकड्याने मागवले होते आणि दर वर्षी मूठभर वाटले गेले होते. उरलेले तो खोक्यांतून गुपचूप घरी नेत होता, म्हणजे बंद झाल्यावर कुणी मोजायला नको.

"मला दर वर्षी वाटायचं, यंदा येतील," तो म्हणाला, आणि फुटलेल्या मगाचे तुकडे गोळा करायला खाली वाकला तो बराच वेळ वर आला नाही. आम्हीही खाली बसून त्याला मदत केली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो की झालं, तिघंही नाहीत. सोल्वेग जिन्यात थांबली. "वेन," ती म्हणाली, "वडी गेली ते आपण पाहिलं. पण ट्रे कुठे आहे ते आपण पाहिलंच नाही."

४

ट्रे होता स्वयंपाकघराच्या जाळीवर. घासलेला, विसळलेला, पालथा घातलेला.

मी तो पाहून नुसता हसलो. किटली पळवायला आलेला चोर, कुठल्याही क्षणी कुणी येईल अशी परिस्थिती, आणि तो थांबून भांडी घासतो. सोल्वेग हसली नाही. असला चोर ॲरिझोनाचा नसतो, ती म्हणाली. खरकटं भांडं मागे टाकून जाणं ज्याला चोरीपेक्षा मोठं पाप वाटतं तो इथलाच.

"पण इथला माणूस शेवटचा तुकडा खात नाही," मी म्हणालो.

"एक माणूस खातो. विचार कर."

मी विचार केला. तत्त्वज्ञानाचा मास्तर असूनही मला वेळ लागला. ज्याने वड्या करून आणल्या तो! त्याला आपला ट्रे घरी न्यायचा असतो, मग उरलासुरला कण तो तोंडात टाकतो आणि ट्रे घासून घेतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही.

सोल्वेगने ट्रे उलटा केला. आमच्याकडे प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी असते आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. शुक्रवारी जो तो आपला ट्रे गुपचूप टेबलावर ठेवून बाजूला होतो. हे मी केलं असं सांगणं म्हणजे फुशारकी, त्यामुळे कुणी काय आणलं ते त्या पट्टीवरूनच कळतं. ह्या ट्रेच्या बुडाला पट्टी नव्हती, पण चिकट चौकोन होता. ती नुकतीच खरवडून काढली होती.

"नाव का काढलं?" सोल्वेग म्हणाली. "कारण नाव असतं तर संध्याकाळच्या आत तू, मी किंवा ग्रंथपालबाई हा ट्रे तिच्या दारात घेऊन गेलो असतो. आणि तिला विचारलं असतं, अगं, ट्रे कसा विसरलीस? ह्या गावात कुणी ट्रे विसरत नाही. तिने तो मुद्दाम सोडला, कारण ट्रे ज्या पिशवीतून आणला तिच्यात परत जाताना जागा नव्हती."

ती माझ्याकडे वळली. "वेन, तू दुपारभर दार धरून उभा होतास. तुझी ती खोड आहे. हलिमोसाठी धरलंस, ड्वेनसाठी धरलंस. भरलेली पिशवी घेऊन आणखी कोण गेलं?"

आणि मला दिसलं. गोधडीच्या कापडाची, घरी शिवलेली, खोल पिशवी, जिच्यात एकावर एक तीन ट्रे मावतात. दोन्ही हातांनी खालून नीट धरलेली, आत येतानाही भरलेली आणि बाहेर जातानाही भरलेली. दोन्ही वेळा दार मीच धरलं होतं. वर विचारलंही होतं की जड आहे का, मी गाडीपर्यंत घेऊ का. ती नको म्हणाली होती आणि माझ्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी करून गेली होती.

"आर्डिस," मी म्हणालो.

आर्डिस क्वामे म्हणजे विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षा. संस्थापकांची पणती. कॉलेज बंद केलंच पाहिजे, हे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत स्पष्ट बोलून दाखवलं होतं ते त्यांनीच.

मला एक विचार सुचला आणि तो चांगला नव्हता, पण मी तो बोलून दाखवला. आपण काही शोधलंच नाही असं म्हटलं तर? उद्या ठराव होणार नाही. कॉलेज आणखी सहा महिने, कदाचित वर्षभर रखडेल. तुला तुझा वर्ग राहील, मला माझे सतरा विषय. हलिमोसाठी आपण शेरीफकडे जाऊन शब्द टाकू.

सोल्वेगने ट्रे कोरडा पुसला. बराच वेळ पुसत होती. कॉलेजात ती माझ्याही आधीपासूनची, आणि दुसऱ्या कुठल्या गावाने तिला ग्रीक शिकवायला ठेवली नसती. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"वेन, आपलं शिकून झालंय," ती शेवटी म्हणाली. "तिची दोन वर्षं राहिलीत."

मग तिने कोट घातला, ट्रे काखेत मारला आणि वाटेत दुकानाशी गाडी थांबवायला सांगितली.

५

आर्डिसबाईंच्या घरी पोहोचलो तेव्हा अजून उजेड होता. त्यांनी दार उघडलं, कॉफी घेणार का विचारलं, आम्ही नको म्हणालो. पुन्हा विचारलं, आम्ही पुन्हा नको म्हणालो. तिसऱ्यांदा विचारल्यावर आम्ही कोट काढले.

सोल्वेगने ट्रे टेबलावर ठेवला. रिकामा नव्हता, त्यात दुकानातले डोनट रचलेले होते. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं.

"तुमचा ट्रे राहिला होता, आर्डिस," ती म्हणाली.

आर्डिसबाईंनी ट्रेकडे पाहिलं. ऐंशी ओलांडलेली बाई, पण पाठ ताठ. त्यांनी कॉफी ओतली, साखर पुढे केली, स्वतः बसल्या, आणि मग म्हणाल्या, "पट्टी तर मी काढली होती."

"म्हणून तर कळलं."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर ती गोधडीची पिशवी बसवलेली होती, पाहुण्यासारखी. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. आमच्याकडे असल्या गोष्टी थेट बोलत नाहीत, पण आर्डिसबाई त्या दिवशी बोलल्या. हिशेब त्यांनी स्वतः दहा वेळा तपासले होते. बंद करणंच शहाणपणाचं होतं आणि उद्या त्या हात वर करणार होत्या, त्यात शंका नव्हती. अडचण दुसरीच होती.

"पहिली कॉफी माझ्या पणजोबांनी ओतली," त्या म्हणाल्या. "मग आजोबांनी, मग वडिलांनी. वीस वर्षं मी ओततेय. मत द्यायला मला भीती नाही, सोल्वेग. पण ओतायची पण मीच. खोलीभर फिरून, एकेकाला विचारायचं, आणखी घेणार का, आणि मग बसून त्यांचं कॉलेज संपवायचं. आज दुपारी मी ट्रे घ्यायला गेले आणि किटली दिसली. मला ते जमेना. दुसरं काही नाही."

मला त्यांचा हात धरावासा वाटला, पण आमची ओळख फक्त चाळीस वर्षांची होती.

सोल्वेगने हलिमोचं सांगितलं. प्राचार्यांनी तिचंच नाव घेतलंय, उद्या ते शेरीफकडे जाणार, आणि शेजारच्या कॉलेजची मुदत दुपारी संपते. आर्डिसबाईंना मुदत माहीत होती. महिन्याभराने दुसरी सभा घेऊ, शेजारचे लोक थांबतील, ओळखीचे आहेत, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. हलिमोचं मात्र त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला.

"ती पायऱ्यांवर बोलली ती मुलगी?" त्यांनी विचारलं. "छान बोलली होती."

मग त्यांनी आमचे कप पुन्हा भरले. सोल्वेगने किटली मागितली नाही. मी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला, तरी मागितली नाही. आम्ही डोनट खाल्ले, आभार मानले आणि निघालो. गाडीत मी तिच्यावर चिडलो. किटली समोर होती, उचलायची राहिली, आता बाई उद्या आल्याच नाहीत तर?

"आपण उचलून आणली तर ती चोरीच राहील," सोल्वेग म्हणाली. "त्यांनी स्वतः आणली पाहिजे."

"आणि नाही आणली तर?"

तिने काच खाली केली, वर केली.

६

सकाळी दहाला सगळे विश्वस्त जागेवर होते. अध्यक्षांची खुर्ची तेवढी रिकामी. हलिमोला प्राचार्यांनी बोलावून घेऊन दाराजवळ बसवलं होतं आणि तिच्या शेजारी शेरीफचा एक माणूस उभा होता. तो ड्वेनचा मावसभाऊ निघाला. त्याला इतकी लाज वाटत होती की टोपी काढून त्याने ती पाठीमागे धरली होती.

किंकेड म्हणाले की वेळ झाली, सुरू करू. पाद्री लिलेहाउग, विश्वस्तांमधले सगळ्यांत जुने, खाकरले आणि म्हणाले की कॉफी नाही. किंकेड म्हणाले की कॉफी मशीनमधून आणता येईल. पाद्रीबुवा म्हणाले की येईल, पण मग आपण नुसते कॉफी प्यायला जमलो असं होईल. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. किंकेडनी घड्याळ पाहिलं आणि हलिमोकडे बोट केलं.

"हे सगळं हिच्यामुळे," ते म्हणाले. "ह्या मुलीनं..."

दार उघडलं. आर्डिसबाई दोन्ही हातांनी निळी किटली धरून उभ्या होत्या, आणि तिच्या चोचीतून वाफ येत होती. कॉफी त्यांनी घरूनच करून आणली होती, आमच्या जुन्या नॉर्वेजियन रीतीने पुडीत अंडं फोडून, पद्धतशीर. खाली टेबलावर ठेवायच्या आधी त्या म्हणाल्या, "किटली मी चोरली होती. काल दुपारी. ह्या मुलीचा काही संबंध नाही. आमचं कॉलेज मला बंद करवत नव्हतं म्हणून चोरली. तिची मी माफी मागते."

खोलीत कुणी कुणाकडे पाहिना. विश्वस्त आपापल्या बुटांकडे बघत बसले. भरल्या सभेत कुणी इतकं खरं बोललं की आमच्या लोकांची फार पंचाईत होते.

"कॉफीचा वास छान येतोय," पाद्रीबुवा शेवटी म्हणाले.

"फारच छान," शेरीफचा माणूस म्हणाला, आणि टोपी घालून निघायला लागला. पण घटनेत खोलीतला प्रत्येक जण असं लिहिलंय, हे हलिमोने त्याला सांगितलं. तो परत बसला.

आर्डिसबाईंनी ओतायला सुरुवात केली. दुसऱ्या कपाला थोडी सांडली. हलिमो उठली, तिने आपल्या लोकरीच्या टोपीने किटलीचं गरम बूड खालून धरलं, आणि दोघी मिळून खोलीभर फिरल्या. एक कॉलेज बंद करणारी आणि एक न करू देणारी. प्रत्येकाला विचारलं. किंकेडनासुद्धा कप मिळाला, आणि त्यात गहू नाही हे आर्डिसबाईंनी त्यांना आवर्जून सांगितलं.

मग हात वर झाले. आर्डिसबाईंचा शेवटी झाला, पण पुरता वर झाला. ठराव झाला, फोन गेला, आणि शेजारच्या कॉलेजच्या यादीत सगळी मुलं बसली, हलिमोसुद्धा. सोल्वेग तिथे उभी होती. ती रडत होती आणि तिने ते लपवलं नाही.

किंकेड हात हलवून सरळ विमानतळाकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना निघता येत होतं. आम्हाला येत नाही. आमच्याकडे आधी कुणीतरी मांडीवर थाप मारून 'बरं तर मग' म्हणतं. मग सगळे उठतात आणि उभ्याने बोलतात. मग दारात बोलतात, मग पायऱ्यांवर, मग गाडीच्या काचेतून. त्या दिवशी तर कुणी दाराच्या पुढेही सरकेना. दुपार झाली तरी आम्ही सगळे कोट घालून उंबऱ्यात उभे होतो आणि तळ्यावरच्या बर्फाबद्दल बोलत होतो.

हलिमोची आई गाडी चालू ठेवून खाली थांबली होती. नवीन कॉलेज आजच बघून यायचं होतं. हलिमो निरोप घ्यायला आली आणि ती विलमारचीच मुलगी, तिनेही तेच केलं. बरं तर मग प्रोफेसर, म्हणाली. मग रस्ता कसा असेल ते बोलली. मग सोल्वेगच्या मांजराचं विचारलं. मग पुन्हा बरं तर मग म्हणाली आणि जागची हलली नाही. "तिथे ग्रीक नाहीये," ती एकदम म्हणाली. "मी विचारलं. मग मी इथेच..."

"हलिमो," सोल्वेग म्हणाली, "आता जा."

"पण प्रोफेसर..."

"जा. आई थांबलीय."

हलिमोने तिला घट्ट मिठी मारली, जी आमच्यात कुणी कुणाला मारत नाही, आणि पायऱ्या धावत उतरली. गाडीचं दार लागलं. काच खाली झाली नाही, हातही बाहेर आला नाही. गाडी तळ्याला वळसा घालून झाडांमागे गेली. इतक्या पटकन कुणाला निघताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग पाद्रीबुवा म्हणाले की रात्री पुन्हा बर्फ पडेल असं रेडिओवर सांगत होते, आणि आम्ही बाकीचे त्यावर बोलत दारातच उभे राहिलो.